प्रतिसादक क्रमांक तीन

हरिश्चंद्र कुडाळकर यांनी पोलीस खात्यात बत्तीस वर्षं लिहिण्याचं काम केलं आणि त्या बत्तीस वर्षांत लिहिणारा म्हणून त्यांचं नाव एकाही कागदावर आलं नाही. हुद्दा हवालदाराचा, पण पोलीस ठाण्यात त्यांना रायटर म्हणत. फिर्याद, जबाब, पंचनामा, दोषारोपपत्र, सगळं त्यांनी लिहायचं आणि खाली सही साहेबांनी ठोकायची. त्यांनी लिहिलेल्या तपासांवर तीन साहेबांना पदकं मिळाली. त्या पदकांच्या शिफारशीही त्यांनीच लिहिल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्यांना साहेबांकडून चहा मिळाला होता.

निवृत्त झाल्यावर परळची खोली विकून ते भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये मुलाकडे राहायला आले. हाताची सवय मात्र सुटली नाही. नातवाच्या बारशाची पत्रिका त्यांनीच लिहायला घेतली आणि त्यात "सदर बालकास नमूद ठिकाणी हजर लोकांसमक्ष पाळण्यात ठेवण्यात येईल" असं लिहून ठेवलं. सुनेनं ती गुपचूप बदलली. ही सून, अनुष्का, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती आणि सासऱ्यांच्या पोटातलं दुखणं घरात तिला एकटीलाच कळलं होतं. म्हाताऱ्याला आपलं नाव छापलेलं पाहायचं होतं. ते श्रद्धांजलीच्या जाहिरातीत येण्याच्या आधी आलं तर बरं, असं ते एकदा जेवताना म्हणालेही होते.

तिनंच त्यांना ते आवाहन आणून दाखवलं. गुन्हा आणि मानवी हक्क या विषयाला वाहिलेलं एक संशोधन त्रैमासिक होतं. त्याच्या संपादकांनी क्षेत्रीय अनुभव असलेल्या लोकांकडून लेख मागवले होते आणि मराठी लेखही चालतील असं म्हटलं होतं. हरिश्चंद्ररावांनी आवाहन चार वेळा वाचलं, चष्मा पुसला आणि पाचव्यांदा वाचलं. क्षेत्रीय अनुभव म्हणजे काय, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही. तो आपल्याला आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

लेखाचा विषय त्यांनी ठरवला तो असा: टेबलावर बसून लिहिलेले घटनास्थळाचे पंचनामे. पंचनामा जागेवर जाऊन, दोन प्रतिष्ठित पंचांसमोर करायचा असतो. हरिश्चंद्ररावांनी तो ठाण्यातल्या टेबलावर पंख्याखाली केला होता, तोही शेकड्यांनी. पंच नेहमीचेच, समोरचा पानवाला आणि त्याचा मेहुणा. दोघंही महिन्याच्या पहिल्या तारखेला कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत, म्हणजे गिऱ्हाईक सोडून सारखं उठायला नको. घटनास्थळी पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे हरिश्चंद्रराव मनानं लिहीत. मिठागर असेल तर पूर्वेला बांध, पश्चिमेला खाडी. चाळ असेल तर पूर्वेला गटार, पश्चिमेलाही गटार. हे सगळं त्यांनी लेखात सविस्तर, आकडेवारीसकट लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांचे कबुलीजबाब लिहिणाऱ्या माणसाचा हा पहिला स्वतःचा कबुलीजबाब होता. पण त्यात पश्चात्ताप शोधू नये. गवंडी आपण बांधलेल्या भिंती दाखवतो, तसे ते आपले पंचनामे दाखवत होते आणि दोष कुणाचा, या प्रश्नाशी आले की "यंत्रणा" असा शब्द टाकून पुढे सरकत होते.

लेख पाठवायचा म्हणजे नियम आले. पहिल्याच नियमाला हरिश्चंद्ररावांचं डोकं फिरलं. लेखावर लेखकाचं नाव कुठेही असू नये, परीक्षकांना ते कळता कामा नये. म्हणजे इथेही तेच, असं म्हणून त्यांनी कागद टेबलावर आपटले. निवड झाली की नाव छापतात, तेही शीर्षकाच्या खाली ठळक, असं अनुष्कानं सांगितल्यावर ते जेवायला उठले. दुसरा नियम होता दोन परीक्षकांचा. लेखकाला हवी असल्यास त्यानं दोन नावं सुचवावीत, अशी सोय होती. दोन म्हणजे पंचच की, असं म्हणून त्यांनी पानवाल्याचं आणि त्याच्या मेहुण्याचं नाव लिहिलं आणि पात्रतेच्या रकान्यात "चारशे सहा पंचनाम्यांचा अनुभव" अशी नोंद केली. परीक्षकाला पीएचडी लागते, असं संपादकांनी नम्रपणे कळवलं.

तिसरा नियम नैतिकता समितीच्या परवानगीचा. मोठ्या विद्यापीठांत अशी समिती असते म्हणे. माणसांवर संशोधन करायचं तर आधी ती तपासणी करते. हरिश्चंद्ररावांच्या माहितीत समिती एकच होती, त्यांच्या हाउसिंग सोसायटीची. ते तडक चेअरमन हितेशभाईंकडे गेले. हितेशभाईंचा भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांचा धंदा. सगळ्या जगाशी ते एकाच खिचडी भाषेत बोलत आणि सगळ्या जगाला ती कळत असे. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की सभासद हरिश्चंद्रभाईंची वर्तणूक चांगली आहे, त्यांच्याकडे पाळीव प्राणी नाही, पार्किंगवरून त्यांचं कुणाशी भांडण नाही आणि त्यांनी संशोधन करायला समितीची एकमतानं मंजुरी आहे. खाली गोल शिक्का मारला. अनुष्काला वाटलं, हे आता परत येणार. ते परत आलं नाही. शिक्का गोल होता, तो पाहून त्रैमासिकाच्या कचेरीत कुणीतरी कागद फाईलला लावला. ठाण्यातही असंच चालायचं, हे आठवून हरिश्चंद्ररावांना त्या कचेरीबद्दल एकदम घरचेपणा वाटला.

दोन महिन्यांनी परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्यानं दोन ओळींत लेख उत्तम असल्याचं कळवलं होतं. त्यानं तो वाचला नव्हता, हे त्या दोन ओळींतच दिसत होतं. दुसऱ्यानं तीन पानं लिहिली होती. लेखाला सैद्धांतिक चौकट नाही, सत्तेचा अवकाश उलगडलेला नाही, परिघावरचा आवाज ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. अनुष्कानं ग्रंथालयातून तसले पंधरावीस शब्द आणून दिले आणि हरिश्चंद्ररावांनी ते योग्य अंतरावर पेरले. त्यांना ते जड गेलं नाही. पंचनाम्याची भाषा काय आणि ही काय, वाचणाऱ्यानं मधे थांबून काही विचारू नये एवढ्यासाठीच दोन्ही असतात.

अडलं ते शेवटच्या मागणीपाशी. लेखात एका तरी पीडित माणसाची मुलाखत हवी आणि तिच्यासोबत त्याचं सहीचं संमतीपत्र हवं. दोन पीडित तयार होते. ठाण्याजवळच्या बाजारात धंदा करत असल्यानं हवालदाराला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. पण परीक्षकाला हवं होतं लेखातलं मिठागरावरच्या मोटरचं प्रकरण. बाकी सगळा लेख त्याच प्रकरणाच्या आधारावर उभा होता. ते प्रकरण राईच्या धाकूचं होतं.

राई म्हणजे भाईंदर पश्चिमेला खाडीकडचं जुनं गाव, हरिश्चंद्ररावांच्या जुन्या ठाण्याच्या हद्दीतलं. वीस वर्षांपूर्वी तिथल्या एका मिठागरावरून पाण्याची मोटर चोरीला गेली. कुणीतरी पकडला जाणं भाग होतं आणि धाकू पाटील त्या दिवशी बांधावरून चालत होता. मोटर त्याच्या घरामागून जप्त झाल्याचा पंचनामा हरिश्चंद्ररावांनी टेबलावर लिहिला. धाकू अकरा महिने आत राहिला. पुढे कोर्टात पानवाल्याला मोटर कसल्या रंगाची होती ते सांगता येईना आणि धाकू सुटला. गावासाठी मात्र तो सुटला नाही. गावदेवीच्या भांड्यांच्या खोलीची चावी त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या असायची. कुणाचं लग्न असलं की तपेली, पराती त्याच्या घरून चावी आणून काढायच्या. ती चावी गावकीनं काढून घेतली. पुराव्याअभावी सुटला म्हणजे केलंच नाही असं थोडंच, असं गावकीचं मत पडलं आणि वीस वर्षांत ते कुणाला बदलावंसं वाटलं नाही.

हरिश्चंद्रराव संमतीपत्राच्या दोन प्रती घेऊन राईला गेले. सहा आसनी रिक्षातून उतरल्यावर त्यांनी आधी टपरीवर एक चहा घेतला, हे नमूद केलं पाहिजे. धाकू ओटीवर जाळं विणत बसला होता. आता केस सगळे पांढरे. त्यानं हवालदाराला ओळखलं, बसायला पाट दिला आणि नातीला पाणी आणायला सांगितलं. चांदणी ही त्याची नात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. जुन्या काळी हरिश्चंद्रराव त्याला फक्त अरे-तुरे करत. आज त्यांनी "धाकूशेठ" म्हणून सुरुवात केली. धाकूनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात घातली.

मुलाखत तासभर चालली. धाकूनं सगळं सांगितलं. अकरा महिन्यांत बायको कशी खंगली तेही सांगितलं, पण आवाज चढवला नाही. हरिश्चंद्रराव लिहीत होते. दोनदा त्यांच्या हातून "सदर इसम" लिहिलं गेलं आणि दोन्ही वेळा त्यांनी खोडलं. मग चांदणीनं संमतीपत्र मोठ्यानं वाचलं. त्यात लिहिलं होतं की सहभागी व्यक्तीच्या हक्कांच्या रक्षणासाठी तिचं नाव, गाव व ओळख गुप्त ठेवण्यात येईल. तिथे धाकूनं जाळं खाली ठेवलं.

"हवालदार, नाव काढू नका," तो म्हणाला. "चोर म्हनून लिवला तवा माजाच नाव लिवला ना? आता चोर न्हाय म्हनून लिवताव, तं पन माजाच लिवा. मना दुसरा काय बी नको. छापलेला कागद गावकीसमोर ठेवीन आन चावी मागीन."

हरिश्चंद्ररावांना यात अडचण दिसली नाही, किंवा त्यांनी ती पाहिली नाही. नाव छापून आणतो, असं त्यांनी सांगितलं. धाकूचा त्यांच्या तोंडी शब्दावर विश्वास नव्हता आणि लेखी शब्दावर तर त्याहून नव्हता, पण चांदणीनं दोन्ही प्रतींवर सहीच्या जागेखाली एक ओळ लिहिली: माझं खरं नाव व गाव छापण्याच्या अटीवर संमती. धाकूनं दोन्हीवर सही केली. एक प्रत नियमाप्रमाणे त्याच्याकडे राहिली.

घरी आल्यावर हरिश्चंद्ररावांनी संपादकांना प्रामाणिकपणे पत्र पाठवलं. हा त्यांच्या लेखनातला दुर्मीळ प्रसंग. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. संपादक बाईंनी फार आपुलकीनं लिहिलं होतं की परिघावरच्या व्यक्तीची ओळख उघड करणं हे तिच्या मानवी हक्कांचं उल्लंघन ठरेल, ते त्रैमासिकाच्या धोरणात बसत नाही. मग तीच व्यक्ती हात जोडून नाव छापा म्हणत असली तरी. अट असलेलं संमतीपत्र चालणार नाही. चार दिवसांत बिनअटीचं आलं तर लेख येत्या अंकात, नाही तर साभार परत.

तीन दिवस हरिश्चंद्रराव अन्नावर चिडले, नातवावर चिडले, धाकूवर तर फार चिडले. एवढं सगळं त्याच्याबद्दलच छापून येतंय आणि ह्याला नावाचं पडलंय, असं ते अनुष्काला म्हणाले. स्वतःला साठी उलटेपर्यंत कशाचं पडलं होतं, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही. चौथ्या दिवशी ती कामावर गेलेली असताना त्यांनी संमतीपत्र टेबलावर ठेवलं, खालची ओळ आत जाईल असं दुमडलं आणि मोबाइलवर फोटो काढून संपादकांना पाठवला. सही बरोबर घडीच्या वर राहिली. टेबलावर बसून त्यांनी पुन्हा एकदा एक कागद तयार केला होता, तोही टेबलावर तयार होणाऱ्या कागदांबद्दलच्या लेखासाठी.

अंक आला. शीर्षकाखाली ठळक अक्षरांत नाव होतं: हरिश्चंद्र गोविंद कुडाळकर. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ते खरंच भरून आले, त्यात खोट नाही. संपादकीयात त्यांची खास तारीफ होती. सहभागी व्यक्तींच्या संमतीबाबत लेखकानं दाखवलेली संवेदनशीलता अनुकरणीय आहे, असं बाईंनी लिहिलं होतं. धाकूचा उल्लेख लेखात अकरा वेळा होता. अकराही वेळा तो प्रतिसादक क्रमांक तीन होता.

राईला अंक दाखवायला जायचं हरिश्चंद्ररावांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि तसंच ढकलत राहिले. इकडे हितेशभाईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सत्कार ठेवला. समितीच्या एकमताच्या मंजुरीचा हा विजय आहे, अशी त्यांची समजूत होती. अनुष्काला घडीची भानगड ठाऊक नव्हती, धाकूनं मागाहून बिनअट संमती दिली असं ती धरून चालली होती. सासऱ्यांना आनंद होईल म्हणून तिनं संमतीपत्रावरच्या नंबरावर फोन करून राईच्या पाहुण्यांनाही बोलावलं.

शाल झाली, नारळ झाला. हरिश्चंद्रभाईनी आपल्या सोसायटीचा नाव इंटरनॅशनल लेवलला रोशन केला, असं हितेशभाई बोलले आणि त्यांनी लेखाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. धाकू आणि चांदणी मागच्या रांगेत बसले होते. धाकूनं इस्त्रीचा सदरा घातला होता. चांदणी प्रत वाचत गेली, शेवटच्या पानापर्यंत गेली, परत पहिल्या पानावर आली आणि मग आजोबांच्या कानात काहीतरी बोलली. धाकू उभा राहिला. कुणाला काही विचारायचं आहे का, असं हितेशभाईंनी नुकतंच म्हटलं होतं, तेव्हा ते रीतसरच होतं.

"हवालदार, ह्यो तीन नंबर कोन हाय?"

हरिश्चंद्ररावांच्या हातात माइक होता. त्यांनी संपादक बाईंचं वाक्य उसनं घेतलं. नाव सांगता येत नाही, त्या व्यक्तीच्या मानवी हक्कांचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. धाकू टाळ्या संपेपर्यंत थांबला.

"तो मी हाय," तो म्हणाला. "धाकू पाटील, राईचा."

हॉलमध्ये सगळ्यांनी वळून पाहिलं. लेख कुणी वाचला नव्हता, पण त्यात चोरी, जप्ती, तुरुंग असं काहीतरी आहे, एवढं हितेशभाईंच्या भाषणावरून कळलं होतं. हितेशभाई खाली वाकून म्हणाले, "आप इसको पहचानते हो?" हरिश्चंद्ररावांना हो म्हणता आलं असतं. हा माणूस निर्दोष होता, मी खोटं लिहिलं, असं एक वाक्य म्हणता आलं असतं, त्यांच्याच लेखात ते वाक्य वीस पानं पसरून लिहिलेलं होतं. पण तिथे यंत्रणा होती, इथे ते एकटे होते.

"केसमधला आहे," ते म्हणाले. माइक चालूच होता.

मागच्या दोन रांगांतल्या बायकांनी खुर्च्यांना अडकवलेल्या पर्सेस मांडीवर घेतल्या. धाकूनं ते पाहिलं. चांदणीचा हात धरून तो बाहेर पडला. बाहेर वॉचमननं त्यांना हटकलं आणि आत येताना वहीत नोंद केली होती का, ते विचारलं. हॉलमध्ये त्यानंतर बटाटेवडे वाटले. हरिश्चंद्ररावांनी आपली बशी तशीच खाली ठेवली. त्यांना लाज वाटत होती आणि ती लाज कुठल्या कलमाखाली टाकावी, ते त्यांना समजत नव्हतं.

चांदणीनं आपल्याकडची प्रत दुसऱ्याच दिवशी त्रैमासिकाला पाठवली, खालच्या ओळीसकट. चौकशी झाली, पत्रं आली, हरिश्चंद्ररावांनी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. पुढचा अंक आला तेव्हा त्यांनी तो उघडायला दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी ते अंक घेऊन राईला गेले. धाकू ओटीवरच होता. या खेपेला त्यानं पाट दिला नाही आणि धाकूशेठ म्हणायची हिंमत हरिश्चंद्ररावांनाही झाली नाही. मी चुकलो धाकू, असं ते उभ्यानंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट कागदाशिवाय कबूल केली. लेख मागे घेतलाय, तसं छापून आलंय, असंही त्यांनी सांगितलं.

"वाचा," धाकू म्हणाला.

हरिश्चंद्ररावांनी वाचलं. मागील अंकातील श्री. हरिश्चंद्र गोविंद कुडाळकर यांचा लेख संमतीपत्रात फेरफार आढळल्याने मागे घेण्यात येत आहे. प्रतिसादक क्रमांक तीन यांना झालेल्या मनस्तापाबद्दल संपादक मंडळ दिलगीर असून त्यांच्या मानवी हक्कांचा आदर राखून त्यांची ओळख यापुढेही गुप्त ठेवण्यात येईल. यापुढे श्री. हरिश्चंद्र गोविंद कुडाळकर यांचे लेखन स्वीकारले जाणार नाही.

धाकूनं अंकाच्या पानाकडे बोट दाखवलं.

"तुमचा नाव किती वेला आला?"

"दोनदा," हरिश्चंद्रराव म्हणाले.

"आन माजा?"

हरिश्चंद्ररावांनी अंक मिटला. "एकदाही नाही," ते म्हणाले.